डीकेई ३८: 'गोबेल्सचं थोबाड' घ्यावं का?

डीकेई ३८ हा नाझी जर्मनीतला स्वस्त रेडिओ; प्रचारमंत्री गोबेल्सवरून लोकांनी त्याला 'गोबेल्सचं थोबाड' हे टोपणनाव दिलं. तो विकायला काढणारा एक वाक्य हमखास ऐकवतो: "यात परदेशी स्टेशन लागतच नाही, नाझींनी तशी सोयच केली होती." या वाक्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. रात्री, बाहेर लांब एरियल टाकून हा डबा दूरची स्टेशनंही पकडतो. डायलवर नुसते आकडे आहेत, कुलूप कुठेच नाही.

पहिला 'लोकांचा रेडिओ' व्हीई ३०१ हा १९३३ साली ७६ मार्कांना निघाला. ३०१ म्हणजे ३० जानेवारी, हिटलर चान्सलर झाला तो दिवस. १९३८ चा हा धाकटा भाऊ अवघ्या ३५ मार्कांचा. स्वस्ताई आली ती काटछाटीतून. स्टेशन निवडणारं (ट्यून होणारं) सर्किट एकच आणि बँड दोनच, लाँग वेव्ह आणि मीडियम वेव्ह. शॉर्टवेव्ह नाहीच, म्हणजे १९४२ साली उषा मेहतांचा काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलत होता, तो यावर लागलाच नसता. जवळचं सरकारी स्टेशन एवढं जोरात येतं की बाजूचं त्याखाली दबून जातं. दूरचं ऐकायचं तर रिअ‍ॅक्शनची, म्हणजे सिग्नल पुन्हा आत फिरवून वाढवणारी, चकती पार कडेपर्यंत न्यावी लागते. जरा पुढे गेली की संच किंचाळतो, शिवाय एरियलमधून लहरी बाहेर टाकतो; मग शेजाऱ्याच्या रेडिओतही शिट्टी उमटू शकते. चोरून ऐकणाऱ्यासाठी याहून वाईट यंत्र शोधून सापडणार नाही.

बाकीचं काम कायद्याने केलं. सप्टेंबर १९३९ पासून परदेशी स्टेशन ऐकणं गुन्हा ठरला. ऐकलं तर तुरुंग, ऐकलेलं पसरवलं तर फाशीपर्यंत शिक्षा. संचाच्या बटणाला अडकवायला पुठ्ठ्याची चिठ्ठी असे, त्यावर हीच ताकीद छापलेली. स्टेशन बदलायला हात पुढे केला की आधी बोट त्या चिठ्ठीला लागणार! पहारा माणसाच्या डोक्यात बसला की डब्यात कुलूप कशाला हवं? मूळ चिठ्ठीसह संच मिळाला तर त्याला मोल आहे, पण नक्कल छापणं सोपं असतं. कागदाचा जुनेपणा आणि भोकाची झीज बघून घ्या.

आता वीज. यात ट्रान्सफॉर्मर नाही, चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली, म्हणून हात लावला तर झटका बसू शकतो. १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (व्होल्टेज तेवढंच ठेवून संच मेन्सपासून वेगळा करणारा) मागचं झाकण उघडून हात घालू नका. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) दोनच: व्हीसीएल११ (हीटर, म्हणजे आतली तापणारी तार, ९० व्होल्ट) आणि व्हीवाय२ (३० व्होल्ट), दोन्ही ५० मिलिअँपिअरवर एका माळेत. २२० व्होल्टचा उरलेला १०० व्होल्ट रेझिस्टरवर पडतो. आपल्याकडे मेन्स २४० ला जाते, तेव्हा माळेत आणखी सुमारे ४०० ओहम टाका, नाहीतर हीटरचं आयुष्य घटतं. चालू करण्याआधी कागदी कंडेन्सर बदलाच. विशेषतः व्हीसीएल११ च्या दोन भागांमधला: तो गळका झाला की ग्रिडवर (व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणारी जाळी) पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह तापतो आणि जातो. ही व्हॉल्व्ह मिळणं कठीण, मिळाली तर महाग. विकणाऱ्याने ती काढून ठेवली असेल तर डब्याचे पैसे फक्त बेकेलाइटचेच (बाहेरच्या जुन्या प्लास्टिकच्या खोक्याचेच) द्या.

शोकेससाठी चार तारे. रोज ऐकायला दीड.