लाकडी रेघांची टाइल की कोटा? फार्महाउस धाटणीच्या बाथरूमची जमीन ठरवताना

मुंबईतल्या फ्लॅटमध्ये फार्महाउस धाटणीचे बाथरूम करायचे ठरले की पांढऱ्या भिंती, पितळी नळ, सागवानी स्टँडवरचे बेसिन आणि भिंतीतला कोनाडा यांवर घरात सहसा एकमत होते. खरा वाद होतो तो जमिनीवर. लाकडाच्या रेघा उमटवलेली लांब पट्टीची व्हिट्रिफाइड टाइल घ्यायची की सरळ कोटा दगड बसवायचा? आमच्याकडे या प्रश्नावर दोन तट पडले आणि बाथरूमही दोन असल्यामुळे शेवटी आतल्या बाथरूममध्ये टाइल बसली, बाहेरच्यात कोटा. दोन्ही रोजच्या वापरात आहेत, तेव्हा पुढचे सारे लिहिणे मोजमापापेक्षा वापरावर बेतलेले आहे.

दिसण्याच्या बाबतीत टाइल पहिल्या दिवशी बाजी मारते, हे मान्य करायला हवे. पांढऱ्या भिंतीखाली तो उबदार तपकिरी रंग फार छान उठून दिसतो. कोटा मात्र कोरडा असताना फिका, राखाडी आणि काहीसा अबोल दिसतो. शिवाय चाळींच्या गॅलऱ्या आणि शाळांचे जिने यांत आपण तो इतका पाहिलेला असतो की हौसेने करायच्या बाथरूममध्ये तो पुन्हा कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. आमच्या घरातला आक्षेपही नेमका हाच होता. पण तोच दगड चकचकीत पॉलिशऐवजी लेदर फिनिशमध्ये, म्हणजे किंचित खडबडीत, मंद चमकेचा घेतला आणि त्यावर पाणी पडले की आतला हिरवट रंग वर येतो. आपल्या गावाकडच्या न्हाणीची जमीन दगडाचीच असायची, लाकडाची नव्हे. त्यामुळे गावच्या घराचा बाज हवा असेल तर कोटा त्याच्या अधिक जवळ जातो, असे मला वाटते.

माझ्यापुरता निर्णय मात्र दिसण्यावर झालाच नाही. तो झाला आंघोळीनंतर जमिनीवर उरणाऱ्या पाण्यावर. लाकडी जमिनीची ही कल्पना जिथून आली त्या अमेरिकी घरांत पाणी टबात किंवा शॉवरच्या काचेआड राहते आणि बाकीची जमीन कोरडी असते. आपल्याकडे बादली, तांब्या आणि मोकळी जमीन. पाणी सगळीकडे जाते आणि ते फक्त ढाळावरून नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे जमिनीतल्या जाळीच्या निचऱ्याकडे वाहून गेले पाहिजे. मुंबईच्या बहुतेक इमारतींत हा ट्रॅप डक्टच्या (पाइप जातात त्या उभ्या पोकळीच्या) बाजूच्या कोपऱ्यात असतो, म्हणजे ढाळ एका नव्हे तर दोन दिशांना द्यावा लागतो. आता २०० बाय १२०० मिलिमीटरची पट्टी डोळ्यांसमोर आणा. ८० ला १ असा, म्हणजे ८० मिलिमीटर लांबीला १ मिलिमीटर उताराचा साधारण ढाळ धरला तर या एका पट्टीच्या दोन टोकांत १५ मिलिमीटरचा फरक पडतो आणि पट्टी तर वाकत नाही. मिस्त्री एका दिशेचा ढाळ उत्तम साधतो, पण दुसरी दिशा साधायला गेला की एका पट्टीचा कोपरा शेजारच्या पट्टीच्या वर येतो. त्यात या लांब टाइलला भट्टीतूनच मध्यभागी किंचित फुगवटा असतो, म्हणून शेजारच्या ओळीतला सांधा निम्म्यावर न आणता एक तृतीयांशावर आणायला सांगतात. आमच्या मिस्त्रीने ते सारे नीट पाळले आणि त्याच्या हाताला मी नाव ठेवणार नाही. तरीही बेसिनखाली आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला तळहाताएवढे पाणी साचतेच. प्रत्येक आंघोळीनंतर वायपर मारावा लागतो. कोणी विसरले की ओल्या पावलांचे ठसे थेट बेडरूमपर्यंत जातात. ही गोष्ट सांगायला क्षुल्लक आहे, पण ती रोजची आहे, आणि पावसाळ्यात ते पाणी संध्याकाळपर्यंत सुकत नाही तेव्हा क्षुल्लकही वाटत नाही.

कोट्याचे आम्ही एक बाय एक फुटाचे मशीनने कापलेले तुकडे घेतले. मिस्त्री प्रत्येक तुकडा सिमेंट-वाळूच्या मालावर ठेवून रबरी हातोड्याने ठोकत, हवा तेवढा कलता करत जातो, त्यामुळे जमीन दोन्ही दिशांना हळूहळू उतरत ट्रॅपच्या जाळीशी येते. त्या बाथरूममध्ये वायपर आहे, पण तो क्वचितच हातात घ्यावा लागतो. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून आणलेले सागवानी स्टँडही तिथेच ठेवले आहे, कारण लाकडाचे पाय साचलेल्या पाण्यात उभे राहिले तर सागवान असले तरी खालून काळे पडू लागते.

टाइलची दुसरी अडचण तिच्या रेघांचीच आहे. रेघा जितक्या खोल तितके लाकूड खरे वाटते आणि तितकाच साबणाचा थर त्यांत बसतो. टँकरचे जड पाणी येणाऱ्या इमारतीत तो थर पांढरा होऊन चिकटून राहतो. दिवाळीच्या अभ्यंगस्नानानंतर उटण्याचे कण आणि तेल त्या रेघांत असे जाऊन बसतात की जुना टूथब्रश घेऊन खाली बसण्यावाचून गत्यंतर नसते. कमी खोल रेघांची टाइल घेतल्यास हा त्रास बराच कमी होईल, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

कोटा निर्दोष आहे असे मुळीच नाही. तो चुनखडीचा दगड आहे आणि आम्लाशी त्याचे जन्माचे वैर आहे. टॉयलेट साफ करण्याच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते सांडले की जागा पांढरट आणि खरखरीत होते आणि पुसून जात नाही. कामाला येणाऱ्या मावशींना आम्ही पहिल्याच दिवशी ती बाटली कमोडबाहेर वापरू नका म्हणून सांगितले. याहून नकळत होणारे नुकसान पितळी नळांचे. ते चमकवायला आपण चिंच किंवा लिंबू चोळतो आणि त्याचे ओघळ नेमके नळाखालच्या कोट्यावर पडतात. म्हणून नळ घासताना खाली ओला पंचा पसरावा आणि नंतर भरपूर पाणी ओतावे. नव्या कोट्यावर सुरुवातीला खार, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, फुटू शकतो. तो कोरड्या ब्रशने झाडत राहावे आणि जमीन पूर्ण वाळल्याशिवाय सीलर (दगडात पाणी-डाग मुरू न देणारा लेप) लावू नये.

काही घरांत मात्र मी टाइलच सुचवेन. जुनी लादी न फोडता वरच्यावर काम उरकायचे असेल तर कोटा विसरावा. २५ मिलिमीटर जाडीचा दगड आणि खालचा माल यांनी जमीन उंबऱ्याच्या वर जाते, आणि नुसत्या दगडाचेच वजन चौरस मीटरला साधारण ६५ किलो भरते. टाइल अ‍ॅडहेसिव्हने जुन्या लादीवर चिकटवता येते, वॉटरप्रूफिंगला हात लागत नाही आणि खालच्या मजल्यावरच्यांची झोप शाबूत राहते. कोट्यासाठी जमीन फोडायची तर सोसायटीची परवानगी, राबिटाच्या (तोडफोडीच्या मलब्याच्या) गोणी, नवे वॉटरप्रूफिंग आणि ते तपासण्यासाठी पाणी भरून ठेवणे, हे सगळे आलेच. ही फोडाफोड तुम्ही एरवीही करणारच असाल तर माझा कल कुठे आहे हे एव्हाना लक्षात आले असेल.

टाइलवरच मन बसले असेल तर दोन गोष्टी मिस्त्रीशी आधी बोलून घ्याव्यात. शक्य असल्यास कोपऱ्यातल्या ट्रॅपऐवजी एका भिंतीलगत लांब जाळीचा निचरा घ्यावा, म्हणजे ढाळ एकाच दिशेला पुरतो आणि लांब पट्ट्या सुखाने बसतात. ते जमत नसेल तर १२०० मिलिमीटरची पट्टी दुकानातच निम्मी कापून घ्यावी आणि सांध्यांत ग्राउट भरण्यापूर्वी चिकटवलेल्या लाद्या पक्क्या झाल्यावर एक बादली पाणी ओतून ते कुठे थांबते हे स्वतः उभे राहून पाहावे.