ग्रेस्केलच्या नावाखाली ६,०७७ पानांचे रंगीत बिल

भाड्याने घेतलेल्या प्रिंटरच्या मीटरवर तीन महिन्यांत ६,२१४ रंगीत पाने लागली. त्यांतील आम्हाला खरोखर रंगीत हवी होती ती केवळ १३७. आमच्या करारात रंगीत पानाचा दर काळ्या पानाच्या आठपट आहे, म्हणजे उरलेल्या ६,०७७ पानांपायी मी जेवढी जादा रक्कम भरली तेवढ्यात ४२,५३९ काळी पाने निघाली असती. हे लिहिताना लाज वाटते, पण ज्यांच्याकडे पानागणिक पैसे आकारणारे यंत्र आहे त्यांनी तरी सावध व्हावे.

यंत्र बसवायला आलेल्या तंत्रज्ञाला मी पहिल्याच दिवशी सांगितले होते की आमचे काम भाषांतराचे आहे, कागद काळेच निघाले पाहिजेत. त्याने माझ्या संगणकावर प्रिंटिंग प्रेफरन्सेस उघडून ग्रेस्केलवर (रंगाऐवजी काळ्या-राखाडी छटांत छापण्याच्या पर्यायावर) खूण केली, एक पान काढून दाखवले आणि ‘आता सेटिंगला कोणी हात लावू नका’ असे बजावून यंत्राच्या मेनूला स्वतःचा पासवर्ड घातला. ती खूण फक्त माझ्या संगणकापुरती होती. बाकीच्या तीन संगणकांवर रंग ‘ऑटो’वरच होता, आणि ऑटोमध्ये पानावर रंगाची एवढीशी खूण असली तरी आमचे यंत्र ते अख्खे पान रंगीत मोजते.

आमच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक बारीक निळी रेघ असते. ग्रेस्केलमध्ये ती राखाडी निघायला हवी. माझ्या पानांवर ती राखाडी होती आणि सहकाऱ्यांच्या पानांवर निळीच्या निळी. ही दोन्ही पाने मी कित्येकदा शेजारी शेजारी ठेवून शुद्धलेखन तपासले आहे, आणि ती रेघ रोज माझ्या डोळ्यांसमोर होती! दुसऱ्या महिन्यात मी त्या तंत्रज्ञाला विचारलेही. ‘एवढ्याशा रेघेला मशीन रंगीत धरत नाही, मॅडम,’ असे तो म्हणाला आणि मी गप्प बसले. तिथेच काउंटर रिपोर्ट, म्हणजे यंत्राने मोजलेल्या पानांचा अहवाल, मागायला हवा होता. पान काढण्याआधीचा आणि नंतरचा आकडा पाहिला असता तर त्याचे खोटे जागच्या जागी उघडे पडले असते. पण ज्याचे ते कामच आहे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हा काही माझा गुन्हा नव्हे. मीटरची चिठ्ठी तोच भरत असे, मी फक्त सही करत असे. आकडा स्वतः वाचल्याशिवाय अशी सही कोणीही करू नये.

आता कंपनी म्हणते की सही तुमची आहे. तक्रार विभागाने मला चार वेळा तोच अर्ज नव्याने भरायला लावला आणि शेवटी ‘सेटिंग ही ग्राहकाची जबाबदारी’ असे एका ओळीचे उत्तर पाठवले. ज्या मेनूचा पासवर्डच मला दिला नव्हता त्याची जबाबदारी माझी कशी, याचे उत्तर कोणी देत नाही. पोलीस ठाण्यात ही दिवाणी बाब असल्याचे सांगून दोन तासांनी परत पाठवले. ग्राहक तक्रार कार्यालयातील अधिकाऱ्याने कागदाला हातही न लावता, यंत्र व्यवसायासाठी घेतल्यामुळे आपण ग्राहकच ठरत नाही, असे ऐकवले. मग मी आहे तरी कोण?

विंडोजमध्ये त्या संगणकाच्या सर्व वापरकर्त्यांसाठीची सेटिंग प्रिंटर प्रॉपर्टीजमधील अ‍ॅडव्हान्स्डखाली, प्रिंटिंग डिफॉल्ट्समध्ये असते. तरीही प्रत्येक संगणकावर जाऊन खात्री करावी. जुने पिवळट कागद रंगीत स्कॅन करून ऑटोवर छापले तर तेही रंगीत मोजले जातात, हे मला फार उशिरा कळले. इंकजेट असेल तर नुसत्या ग्रेस्केलवर विसंबू नये, कारण काही यंत्रे राखाडी छटा रंगीत शाया मिसळूनच काढतात; तिथे ‘फक्त काळी शाई’ हा पर्याय शोधावा.

पासवर्ड मी भांडून मिळवला आणि चारही संगणक स्वतः ग्रेस्केलवर आणले. त्यानंतरच्या आठवड्यात १,१२० पाने निघाली आणि रंगीत आकडा ९ ने वाढला. ती नऊही पाने आम्ही मुद्दाम रंगीत काढलेली होती. दोन्ही काउंटर रिपोर्ट जोडून मी कंपनीला पाचवा अर्ज पाठवला आहे आणि नवे बिल भरलेले नाही.