आमच्या बाळाची किडनी आणि घाई न करणाऱ्या सर्जन मॅडम

बाळाच्या किडनीसाठी डॉक्टर शोधणारे आईबाप हे वाचत असतील म्हणून जरा लांबलचक लिहितोय, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा सगळीकडे "डॉक्टर छान आहेत, स्टाफ चांगला आहे" एवढंच असायचं आणि त्यातून काही म्हणजे काही कळायचं नाही.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत कळलं की पोटातल्या बाळाची डावी किडनी सुजलीय. हायड्रोनेफ्रोसिस म्हणतात त्याला, म्हणजे लघवी खाली नीट उतरत नाही, आतच साठते आणि किडनीच्या आतली पिशवी फुगते. ३२ व्या आठवड्यात ती १४ मिमी झाली. त्याच सुमारास एका ठिकाणी आम्हाला सांगितलं की जन्मल्या जन्मल्या ऑपरेशन लागेल, तयारीत रहा. त्या रात्री बायको झोपलीच नाही, नुसती पोटावर हात ठेवून बसून होती. नंतर आमच्या गायनॅक म्हणाल्या की हे लहान मुलांच्या युरोलॉजी सर्जनचं काम आहे, आधी तिकडे दाखवा. तसे मॅडमकडे पोचलो.

मॅडमनी रिपोर्ट बघितला, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेनने एक नरसाळं काढलं आणि त्याला खाली बारीक नळी जोडली. जिथे नरसाळं संपून नळी सुरू होते तिथे एक टिंब दिलं आणि म्हणाल्या, "इथे अडतंय असं वाटतंय. वाटतंय म्हणते, नक्की आत्ता नाही सांगता येणार." मला तेव्हा राग आला होता खरं तर, नक्की काय ते सांगा ना. पण गर्भात दिसलेल्या अशा बऱ्याचशा सुजा आपोआप ओसरतात, म्हणून त्या थांबायला सांगत होत्या. आणि अजून एक गोष्ट सांगितली जी दुसऱ्या कोणीच सांगितली नव्हती, की जन्मल्यावर पहिल्याच दिवशी सोनोग्राफी करू नका, ४८ तास जाऊ द्या, कारण नवजात बाळाला सुरुवातीला लघवी कमीच होते आणि सूज असून रिपोर्ट चांगला येऊ शकतो. दोन्ही किडन्या सुजलेल्या असत्या किंवा मूत्राशय फुगलेलं असतं तर मात्र लगेच बघितलं असतं, हेही सांगितलं.

दीड महिन्याचा झाल्यावर आयसोटोप स्कॅन केला. याला घाबरू नका. बाळाला पाजायचं, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं आणि कॅमेऱ्याखाली ठेवायचं, शिरेतून औषध देतात, मग लघवी सुटायचं इंजेक्शन. आमचा तर झोपूनच गेला. त्यातून कळतं की दोन्ही किडन्या मिळून जे काम होतं त्यातलं कुठली किती करते आणि साठलेली लघवी खाली उतरते का. आमची डावी ४६ टक्के करत होती. मॅडम म्हणाल्या काम चांगलं चाललंय, मी हात लावणार नाही, तीन महिन्यांनी या.

ज्यांना ऑपरेशनच करायचंय त्यांना तेव्हाही कारण सापडलं असतं हो, सूज होतीच की. माझ्या मते या बाईंचं खरं कौशल्य इथेच दिसलं.

मधल्या काळात एकदा ताप आला. सर्दी नाही खोकला नाही नुसता ताप, म्हणजे अशा बाळात आधी लघवी तपासायची, हे त्यांनी फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेलं. आणि कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीसाठी, चिकटवायच्या पिशवीतली लघवी चालणार नाही, त्यात त्वचेवरचे जंतू येतात आणि नसलेलं इन्फेक्शन दिसतं. मग नर्सताईंनी गार पाण्यात भिजवलेला कापूस घेऊन ओटीपोटावर गोल गोल चोळलं, मी डबी धरून उभा, मिनिटभरात धार! रिपोर्ट नील आला, साधा व्हायरल ताप होता.

सहाव्या महिन्यात मात्र सूज २४ मिमी आणि काम ३७ टक्क्यांवर आलं. त्या दिवशी मॅडम वेगळ्याच होत्या. तेच जुनं चित्र काढलं, टिंबावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आता थांबायचं नाही. गेलेलं काम सगळं परत येईलच असं नाही, पण उरलेलं मला वाचवायचंय." तीन आठवड्यात ऑपरेशन झालं.

पायलोप्लास्टी नाव आहे त्याचं. अँडरसन आणि हाइन्स या दोघांनी १९४९ मध्ये मांडलेलीच पद्धत अजून वापरतात, अरुंद झालेला तुकडा काढून टाकायचा, खालची नळी उभी चिरून तोंड रुंद करायचं आणि नरसाळ्याला परत जोडायची. ऐकायला सोपं वाटतं पण सात महिन्यांच्या बाळाची ती नळी काही मिलिमीटरची असते, टाके केसासारख्या बारीक दोऱ्याचे, चष्म्याला भिंगं लावून घालतात. म्हणून म्हणतो की रोज लहान मुलांचंच काम करणारा माणूस हवा.

सकाळी पहिला नंबर आमचाच लावला, लहान बाळ उपाशी राहू नये म्हणून. आईचं दूध चार तास आधी बंद, चमच्याने पाणी दोन तास आधीपर्यंत चाललं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी बायकोला कडेवर बाळ घेऊन दारापर्यंत येऊ दिलं. अडीच तासांनी मॅडम टोपी न काढताच बाहेर आल्या, आधी "बाळ ठीक आहे" म्हणाल्या आणि मग बाकीचं. कमरेच्या वर पाठीतून बधिर करायचं इंजेक्शन दिलेलं, त्यामुळे शुद्धीवर आल्यावर भुकेने रडला, दुखून नाही.

आता तक्रार. आत स्टेंट, म्हणजे जोड भरेपर्यंत वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, ठेवलेला, त्याने लघवी अधूनमधून लालसर होऊ शकते हे डिस्चार्जच्या वेळी कोणीच सांगितलं नाही. घरी रात्री डायपर उघडला तर गुलाबी, माझे हातपाय गळाले. हॉस्पिटलचा फोन वीस मिनिटं कोणी उचलेना. शेवटी मॅडमनी स्वतः परत फोन करून समजावलं, आणि पुढच्या वेळी गेलो तर डिस्चार्जच्या कागदावर ती ओळ छापलेली होती. पण ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. ओपीडीत दोन-दोन तास बसावं लागतं तेही आहेच, कारण प्रत्येकाला चित्र काढून सांगतात.

तिथेच एक ताई भेटल्या, त्यांचा मुलगा पाच वर्षांचा, एक वृषण (अंडगोळी) खाली पिशवीत उतरलंच नव्हतं. उतरेल आपोआप म्हणून सगळे सांगत राहिले. खरं तर सहा महिन्यांनंतर ते सहसा उतरत नाही आणि ऑपरेशन दीड वर्षाच्या आत व्हायला हवं. म्हणजे तिथे थांबणंच चुकलं. कुठे थांबायचं आणि कुठे नाही हे ज्याला कळतं त्याच्याकडेच मूल न्यावं.

सहा आठवड्यांनी परत थोडी भूल देऊन दुर्बिणीतून स्टेंट काढला, त्याच दिवशी घरी. सूज एकदम जात नाही बरं का, ऑपरेशननंतरच्या पहिल्या सोनोग्राफीत १२ मिमी बघून मी परत घाबरलो होतो, पण ताणलेली पिशवी थोडी सैल राहतेच. वर्षाने स्कॅनमध्ये डावी ४१ टक्के आली आणि लघवी सरळ खाली उतरतेय. बरगडीखाली माझ्या करंगळीएवढी एक फिकट रेघ आहे, अंघोळ घालताना बायको अजून तिच्यावरून हळूच हात फिरवते. पाचातले चार स्टार देतोय, एक त्या फोनचा कापलाय, आणि जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेने लावून न्या, मॅडम पहिल्यापासूनचे सगळे बघतात.