तवा उत्तम, गल्ल्यावरची सक्ती नको

जळगावातील गृहोपयोगी वस्तूंच्या एका मोठ्या दालनातून मी कळण्याच्या भाकरीसाठी बिडाचा तवा घेतला. तवा जड असून तळ सपाट आहे, आणि चार वेळा तेल लावून तापवल्यावर भाकरी चिकटणे थांबले. मालाबद्दल तक्रार नाही.

तक्रार गल्ल्यावरची आहे. मागच्या खेपेस कार्डाने पैसे देताना मोबाईल क्रमांक द्यावा लागला आणि तेव्हापासून सवलतींचे संदेश रोज येतात (पहाटे साडेपाचलासुद्धा). म्हणून या वेळी निषेध म्हणून मी रोख रक्कम पुढे केली, तरीही क्रमांकाशिवाय बिल निघत नाही असे सांगण्यात आले. बिलासाठी अशी सक्ती करू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवले आहे, हे मी शांतपणे सांगितल्यावर रोखपालाने क्रमांकाच्या जागी दहा वेळा नऊचा आकडा दाबला आणि बिल लगेच बाहेर आले! म्हणजे अडचण यंत्राची नव्हतीच. सुटे पाच रुपये मात्र त्यांच्याकडे नव्हते, आणि त्याऐवजी पुढे केलेले चॉकलेट मी परत केले.