नारिंगी टोमॅटो गॅलरीत: तीन वाण, एक हिवाळा

मुलुंडला आमची नवव्या मजल्यावरची गॅलरी दक्षिणेकडे आहे. हिवाळ्यात सूर्य त्याच बाजूने कलून जातो, त्यामुळे पाच-सहा तास ऊन मिळतं. तिथे या वेळी सन गोल्ड, झोन फ्लामे आणि केलॉग्ज ब्रेकफास्ट हे तीन नारिंगी टोमॅटो लावले. गणपती उठल्यावर पेरणी केली, मार्चअखेरपर्यंत फळं खाल्ली.

बियाण्याच्या पाकिटावर गोडीचं वर्णन भरपूर असतं, पण मुंबईत आधी 'पिकायला किती दिवस' ते बघावं. आपल्याकडे थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारी आणि आजूबाजूचे थोडे दिवस. रात्रीचं तापमान २१-२२ अंशांच्या वर राहू लागलं की फुलं येतात आणि गळतात. सन गोल्ड रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत पिकू लागतो. केलॉग्ज ब्रेकफास्टसारख्या मोठ्या फळाला ८० दिवसांच्या वर लागतात. माझ्याकडे त्याची मोजकीच फळं धरली. एक फळ मात्र तळहाताएवढं झालं, गराने गच्च भरलेलं, बिया कमी. चव उत्तम, पण तेवढ्यासाठी सबंध ग्रो बॅग अडकवणं मला परवडत नाही.

सन गोल्ड हा जपानच्या तोकिता कंपनीचा संकरित चेरी टोमॅटो. बाजारातल्या टोमॅटोचा ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) चार-पाचच्या आसपास असतो, याचा नऊ-दहापर्यंत जातो. फळ पिवळं दिसलं की तोडायचा मोह होतो, पण तेव्हा ते आंबटच असतं. गडद नारिंगी होऊ द्यावं. सासूबाई 'ही तर बोरंच' म्हणत येता-जाता तोंडात टाकायच्या, स्वयंपाकघरापर्यंत फार थोडे पोचले. आणि पोचून उपयोगही नाही. साराला आंबटपणा कमी पडतो, चिंच घालावी लागते. कोशिंबिरीत मात्र झकास.

त्याचा मोठा दोष म्हणजे साल पातळ. दिवसभर कोरडं राहून संध्याकाळी भरपूर पाणी मिळालं की सकाळी फळं तडकलेली. सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी आणि मातीवर सुक्या पानांचा थर, एवढ्याने तडकणं बरंच कमी झालं. वेल थांबत नाही, छतापर्यंत सुतळी बांधायची तयारी हवी. बगलफुटी (पानाच्या बगलेत फुटणारे कोंब) काढत राहा, नाहीतर गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा उरत नाही (घरात यावरून बोलणी बसतात).

झोन फ्लामे फ्रान्सचं जुनं, पारंपरिक वाण, फळ जर्दाळूएवढं. गोडीबरोबर आंबटपणाही आहे, म्हणून मला स्वतःला हाच जास्त आवडला. सन गोल्डइतकं भरघोस पीक नाही, पण बी धरून ठेवता येतं. सन गोल्डचं बी धरून पेरलं तर पुढच्या पिढीत वाटेल ते निघतं, म्हणजे दर वर्षी पाकीट विकत घेणं आलं, आणि ते स्वस्त नाही. विश्वासातल्या ठिकाणाहूनच घ्या. ऑनलाइन मागवलेल्या एका पाकिटातून मला चक्क लाल टोमॅटो निघाले.

एक गोष्ट नारिंगीच्या बाजूने सांगायलाच हवी. ३० अंशांच्या वर लाल टोमॅटोत लायकोपीन (त्याला लाल रंग देणारं द्रव्य) नीट तयार होत नाही, म्हणून फेब्रुवारीनंतर गॅलरीतले लाल टोमॅटो पिवळट, फिके राहतात. नारिंगींचा रंग मार्चमध्येही चांगला उतरला.

पांढरी माशी तिन्हींवर आली. निंबोळी तेल आणि चिकट पिवळे सापळे लावून आटोक्यात ठेवली, तरी केलॉग्जच्या एका रोपाची पानं आकसली. ते लगेच उपटलं. एवढ्या उंचीवर मधमाश्या क्वचितच येतात, म्हणून सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या झुबक्याला टिचकी मारायची. टोमॅटोला परागीकरणासाठी तेवढा धक्का पुरतो.

पुढच्या हंगामात दोन सन गोल्ड, एक झोन फ्लामे. केलॉग्ज नाशिककडे अंगण असलेल्या भावाला देणार, तिथे थंडी लांबते. आणि ज्यांच्या गॅलरीत चार तासांपेक्षा कमी ऊन येतं त्यांनी या फंदात न पडता पालक लावावा.