क्लोनझिला: डिस्कची नक्कल चोख, पण नंतर फायरवॉलचे नियम तपासा

आमच्या कार्यालयातील हिशेबाच्या संगणकाची ५०० जीबीची हार्ड डिस्क अतिशय मंदावली होती. मार्चअखेरच्या घाईत विंडोज आणि सगळी सॉफ्टवेअर नव्याने टाकणे शक्य नसल्यामुळे १ टीबीच्या एनव्हीएमई एसएसडीवर (फिरत्या चकत्या नसलेल्या, वेगवान डिस्कवर) तिची हुबेहूब नक्कल करण्यासाठी मी क्लोनझिला वापरले. तैवानमध्ये विकसित झालेले हे मोफत सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून चालते आणि डिस्कच्या प्रत्येक विभाजनातील (पार्टिशनमधील) फक्त वापरलेला भाग उतरवते, त्यामुळे १८० जीबीचे काम पाऊण तासात उरकले. पडदा मात्र केवळ मजकुराचा आहे. डिस्कची नावे सांकेतिक असल्यामुळे मूळ डिस्क कोणती आणि नवी कोणती हे आकार व मॉडेल पाहून दोनदा ताडून घ्यावे, कारण येथे अदलाबदल झाली तर सगळी माहिती पुसली जाते. दोन्ही डिस्कची ओळख आता एकच असल्याने पहिल्यांदा संगणक सुरू करण्यापूर्वी जुनी डिस्क काढून ठेवणेही आवश्यक आहे.

विंडोज विनातक्रार सुरू झाले, परंतु इतर तीन संगणकांवरून हिशेबाचे सॉफ्टवेअर जोडले जाईना. नेटवर्कची केबल, आयपी पत्ता, सामायिक फोल्डर हे सगळे ठीक होते. आम्ही वेगळी बसवलेली फायरवॉल (कोणत्या प्रोग्रामला नेटवर्कवर जोडणीची परवानगी द्यायची हे नियमांनी ठरवणारे सॉफ्टवेअर), जिचे नाव येथे देत नाही, क्षणभर बंद करताच जोडणी झाली. म्हणजे दोष तिच्या नियमांत होता. तरीही यादीत परवानगीचा नियम जसाच्या तसा दिसत होता.

उलगडा तिच्या नोंदवहीत झाला. अडवलेल्या प्रोग्रामच्या पाथमध्ये, म्हणजे डिस्कवरील त्याच्या पूर्ण पत्त्यात, हार्डडिस्कव्हॉल्यूम५ असे होते, तर नियमात हार्डडिस्कव्हॉल्यूम३. आपल्याला जो सी ड्राइव्ह दिसतो, त्याला विंडोज आतून असा क्रमांक देते आणि तो संगणक सुरू होताना डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्यावर ठरतो. आमच्या संगणकात माहितीची दुसरी डिस्क आहे. ती आता एसएसडीच्या आधी मोजली जाऊ लागली आणि सी ड्राइव्ह दोन घरे पुढे सरकला. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एफएलटीएमसी व्हॉल्यूम्स’ (fltmc volumes) ही आज्ञा दिली की कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक मिळाला आहे ते लगेच दिसते.

फायरवॉलचे नियम मी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढले, ३ च्या जागी ५ घातला आणि फाइल परत भरली. हा बदल करताना क्रमांकानंतर लगेच येणारी तिरकी रेघही शोधात धरावी, नाहीतर ३१, ३२ असे क्रमांक असल्यास तेही बिघडतात.

नक्कल करण्याच्या कामात मला क्लोनझिलामध्ये एकही खोट आढळली नाही, म्हणून मी त्याला पाचपैकी साडेचार गुण देतो. अर्धा गुण त्या पडद्यामुळे कापला आहे. डिस्कच्या बदलत्या क्रमांकावर कायमचे नियम बेतणे ही फायरवॉलची चूक आहे. विंडोजची स्वतःची फायरवॉल नियमात सी ड्राइव्हचा नेहमीचा पाथ साठवते, त्यामुळे तिचे नियम नक्कल केल्यावरही अबाधित राहिले होते. आता आम्ही तीच वापरतो, आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी तिच्यात दोनच नियम पुरेसे झाले.