वॉरंटी संपल्यावर डीएसजी गिअरबॉक्स बंद पडला, तर चार वाटांपैकी कोणती?

डीएसजी म्हणजे फोक्सवॅगन समूहाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय किंवा व्हेंटो, स्कोडाची रॅपिड डिझेल किंवा १.८ टीएसआय ऑक्टाव्हिया यांपैकी एखादी ऑटोमॅटिक गाडी सहा-सात वर्षांची झाल्यावर सिग्नलवर उभी राहते आणि पुन्हा गिअरच घेत नाही, हा प्रकार आपल्याकडे आता अपरिचित राहिलेला नाही. अशा वेळी मालकापुढे चार वाटा असतात. अधिकृत सेवा केंद्रात अख्खा भाग बदलून घ्यावा, डीएसजीची कामे करणाऱ्या खासगी कारागिराकडून तोच भाग दुरुस्त करून घ्यावा, भंगार बाजारातून वापरलेला गिअरबॉक्स आणून बसवावा किंवा गाडी आहे त्या स्थितीत विकून टाकावी. कंपनीकडे खर्चातील वाटा मागणे किंवा ग्राहक आयोगाकडे जाणे ही पाचवी वाट नव्हे. ती कोणत्याही वाटेबरोबर चालू शकते, मात्र तिची सुरुवात सर्वांत आधी करावी लागते.

या गाड्यांत डीक्यू२०० नावाचा डीएसजी, म्हणजे सात गतींचा, कोरड्या जोड-क्लचचा गिअरबॉक्स आहे. पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा गिअर एका क्लचवर चालतो, तर दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स दुसऱ्या क्लचवर. क्लच दाबणे आणि गिअर बदलणे ही दोन्ही कामे मेकॅट्रॉनिक नावाचा भाग करतो. त्यात विजेवर चालणारा पंप तेलाचा दाब तयार करतो आणि तो दाब ॲक्युम्युलेटरमध्ये साठवला जातो. ॲक्युम्युलेटर ज्या जागी बसतो तेथील कवच तडकले की तेल गळते, पंप अखंड चालत राहतो, आणि अखेरीस संगणक त्याला बंद करतो. डॅशबोर्डवरील गिअरची अक्षरे लुकलुकू लागतात, गाडी बंद करून पुन्हा सुरू केली तर काही वेळ चालतेही, आणि मग ठप्प होते.

सगळा दोष मेकॅट्रॉनिकचाच असतो असे मात्र नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये निघताना गाडी थरथरत असेल आणि चढावर इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच पॅक, म्हणजे दोन्ही क्लचचा संच, झिजलेला असण्याची शक्यता अधिक. मुंबई-पुण्याच्या कोंडीत गाडी पावलापावलाने सरकत राहते तेव्हा कोरडा क्लच अर्धवट घसरत तापतो, आणि त्याचे आयुष्य तेथेच कमी होते. रिव्हर्स आणि सम गिअर तेवढे गेले असतील आणि आतून खरखर ऐकू येत असेल, तर गिअर हलवणाऱ्या फोर्कचे बेअरिंग तपासावे लागते. या तीन दोषांच्या खर्चात फार मोठे अंतर आहे, म्हणूनच निदानाआधी वाटांची तुलना करणे व्यर्थ आहे. गाडीच्या तपासणी-सॉकेटला लावायच्या साध्या ओबीडी डोंगलला बहुधा इंजिनाचेच दोष-कोड दिसतात. ओडिस किंवा व्हीसीडीएस ही या गाड्यांसाठीची तपासणी-प्रणाली लावून गिअरबॉक्सचा संपूर्ण अहवाल काढावा आणि कोड पुसण्यापूर्वी त्याची प्रत घ्यावी. पी१८९सी किंवा पी१७बीएफ हे कोड दिसले तर दाब तयार होत नाही, म्हणजे संशय मेकॅट्रॉनिकवर जातो.

आता पहिल्या दोन वाटा शेजारी ठेवून पाहू, कारण बहुतेकांचा निर्णय यांच्यातच होतो. अधिकृत केंद्र मेकॅट्रॉनिक उघडून आतील तडकलेला तुकडा बदलण्याऐवजी सहसा संपूर्ण भागच बदलते. त्यामुळे खर्च लाखाच्या पुढे जातो, आणि क्लच पॅकही बदलायचा ठरला तर तो आणखी फुगतो. बदल्यात नवा मूळ भाग, त्या भागावर लेखी हमी, योग्य सॉफ्टवेअर आणि पुढे कंपनीशी वाद झाल्यास उपयोगी पडणारे जॉब कार्ड मिळते. खासगी कारागीर तोच मेकॅट्रॉनिक उघडून तडकलेल्या जागी मजबूत केलेला भाग बसवतो, आणि खर्च अधिकृत केंद्राच्या तुलनेत बराच कमी येतो. दोष फक्त त्या कवचात असेल, तर ही दुरुस्ती तांत्रिकदृष्ट्या मुळीच हिणकस नाही. माझ्या मते तर गाडी सात-आठ वर्षांची असेल तेव्हा तीच अधिक शहाणपणाची आहे. धोका आहे तो कारागिराच्या निवडीत. काम झाल्यावर क्लचचे बेसिक सेटिंग, म्हणजे संगणकाकडून क्लचची नव्याने जुळणी, करण्यासाठी त्याच्याकडे योग्य साधन आहे काय, मेकॅट्रॉनिकचे तेल आणि गिअरचे तेल वेगवेगळे भरायचे असते हे त्याला ठाऊक आहे काय, आणि हमी तो बिलावर लिहून देतो काय, या तीन प्रश्नांची उत्तरे ऐकली की माणूस कितपत जाणकार आहे ते लगेच कळते. काढलेला जुना भाग मात्र दोन्ही ठिकाणी मागून घ्यावा.

अंदाजपत्रक जुने असेल तर नवे मागावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, आणि लाखाच्या भागावर हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

कुर्ल्याच्या किंवा दिल्लीतील मायापुरीच्या बाजारातील वापरलेल्या गिअरबॉक्सविषयी फार लिहिण्याची गरज नाही. अपघातात गेलेल्या गाडीचा तो भाग किती चालला होता हे सांगणारा कागद नसतो, आणि जो दोष आपल्या गिअरबॉक्समध्ये निघाला तो त्याच घडणीच्या दुसऱ्यातही निघू शकतो. आतील दात किंवा फोर्क मोडून गिअरबॉक्सच निकामी झाला असेल, तेव्हाच हा पर्याय विचारात घ्यावा, आणि तोही आपल्या जुन्या मेकॅट्रॉनिकची अवस्था चांगली असेल तर.

खर्च परवडतो की नाही हे ठरवताना लोक गाडीच्या किमतीशी तुलना करतात, आणि तेथेच हिशेब चुकतो. समजा, चालू स्थितीतील गाडीला साडेचार लाख मिळाले असते, गिअरबॉक्स बंद असताना अडीच लाख मिळतात आणि अधिकृत केंद्राचे अंदाजपत्रक दोन लाखांचे आहे. दुरुस्त करून लगेच विकली तरी हातात अडीच लाखच पडतात, म्हणजे केवळ विकण्यासाठी ही दुरुस्ती करण्यात अर्थ नाही. तीच गाडी आणखी चार वर्षे वापरायची असेल, तर खर्च वर्षाला पन्नास हजारांवर येतो, आणि नव्या गाडीच्या हप्त्यांपुढे तो किरकोळ ठरतो. खासगी दुरुस्ती सत्तर-ऐंशी हजारांत होत असेल, तर विकायची असली तरी आधी दुरुस्त करणे फायद्याचे ठरते. आकडे प्रत्येकाने आपले घालावेत.

विम्याची आशा धरू नये. सामान्य मोटार विम्यात यांत्रिक बिघाड वगळलेला असतो, आणि शून्य-घसारा (झिरो डेप) पुरवणीनेही त्यात फरक पडत नाही.

कंपनीकडे वाटा मागण्याची बाब मात्र गांभीर्याने घेण्यासारखी आहे. फोक्सवॅगनने याच डीएसजीच्या तक्रारींनंतर २०१२ मध्ये चीनमधील हमी १० वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत वाढवली आणि २०१३ मध्ये तेथील ३,८४,१८१ गाड्या परत बोलावल्या. भारतातील मालकाला याने आपोआप कोणताही हक्क मिळत नाही. मात्र ‘हा आपल्या वापराचा दोष आहे’ असे म्हणणाऱ्याला उत्तर देताना ही वस्तुस्थिती उपयोगी पडते. सर्व सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रात झालेले असेल आणि वॉरंटी संपून थोडेच महिने झाले असतील, तर सुट्या भागाच्या खर्चात सवलत मिळण्याची शक्यता खरीखुरी असते. अर्ज लेखी, कंपनीच्या ग्राहक विभागाला आणि डीलरला एकाच वेळी पाठवावा, आणि उत्तर येईपर्यंत गिअरबॉक्स बाहेर कोठेही उघडू देऊ नये, कारण एकदा परक्या हाताने उघडला की कंपनीला नकाराचे आयते कारण मिळते.

नकार आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथे तक्रार करता येते, आणि वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. उत्पादनातील दोष सिद्ध करण्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल किंवा प्रयोगशाळेची तपासणी लागते, आणि तोपर्यंत गाडी दारात उभी ठेवणे नोकरदाराला परवडत नाही. म्हणून तपासणी आणि छायाचित्रे पूर्ण करून, काढलेला भाग सांभाळून, स्वखर्चाने दुरुस्ती करावी आणि त्या खर्चाच्या भरपाईची मागणी करावी, हा मधला मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो.

विकायचेच ठरले, तर कोड पुसून गाडी दाखवण्याचा सल्ला देणारे भेटतील. त्यांचे ऐकू नये, कारण दहा-वीस किलोमीटरांत कोड परत येतो आणि फसवणुकीचा आरोप आपल्यावर येतो. विक्रीच्या कागदावर गिअरबॉक्स नादुरुस्त असल्याची नोंद करून दोघांनी सह्या कराव्यात, आणि नमुना २९ व ३० भरून आरसी खरेदीदाराच्या नावावर झाल्याची खात्री करावी. तोपर्यंत त्या गाडीचा अपघात झाला, तर नोंदणीकृत मालक म्हणून जबाबदारी विकणाऱ्याकडेच येते.